कपात करा, पण शेजाऱ्याची

माझा मेहुणा आमदार होता, आणि अर्थसंकल्प पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा अख्ख्या राज्यातला एकमेव माणूस होता. ज्यांनी तो लिहिला त्यांनीही वाचला नसावा. कारण एका वर्षी त्याने सभागृहात उभं राहून दाखवून दिलं की एकच पूल दोन खात्यांनी बांधलाय, तिसऱ्या खात्याने त्याच्या दुरुस्तीचे पैसे मागितलेत, आणि पूल मात्र अजून झालेलाच नाही. तेव्हापासून त्याला सगळे 'कात्री' म्हणू लागले. नावं ठेवणाऱ्यांना वाटलं तो चिडेल. त्याला तो किताब वाटला.

तो विरोधी बाकावर बसायचा, आणि त्याचं म्हणणं साधं होतं. सरकारने अंथरूण पाहून पाय पसरावेत आणि अंथरूण लोकांचं आहे हे विसरू नये. स्वतःही तसाच वागायचा. सरकारी गाडी घेतली नाही, सदऱ्याची कॉलर झिजली की उलटी करून शिवून घ्यायचा. त्याची थोरली बहीण माझी बायको. ती आमच्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात मुलांच्या वॉर्डची मुख्य नर्स. माझं चष्म्याचं दुकान. तो तिला ताई म्हणतो, मला दाजी, आणि अर्थमंत्र्यांना 'माननीय'. पण तो शब्द त्याच्या तोंडून शिवीसारखा ऐकू येतो.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षीचा अर्थसंकल्प सहभागाचा होता. करवाढ हा शब्द त्यात औषधालाही सापडत नव्हता. दुकानाच्या पाटीवरचा कर वाढला, त्याचं नाव 'दृश्यमानतेत सहभाग'. घर विकताना द्यायचा कर वाढला, तो 'स्थलांतरात सहभाग'. रस्त्याकडेला गाडी उभी केली की 'स्थैर्यात सहभाग'. सरकारच्या एवढ्या कामांत सहभागी झाल्यावर माणसाला स्वतःच्या संसारात सहभागी व्हायला काही उरेल का, याचा खुलासा मात्र केलेला नव्हता. उलट खर्चाच्या बाजूला हात अगदी मोकळा सोडला होता. राजधानीत 'अभिनंदन भवन' उभं राहणार होतं, कारण मान्यवरांचं अभिनंदन करायला राज्यात पुरेशी जागा नाही असं एका समितीला आढळलं होतं. त्या समितीचंही अभिनंदन तिथेच होणार होतं. शिवाय हा अर्थसंकल्प किती लोकहिताचा आहे हे लोकांना कळावं म्हणून जाहिरातींची वेगळी तरतूद होती. लोकांना ते आपोआप कळणार नाही, एवढी जाण सरकारला होती.

मेहुण्याचं भाषण होतं त्या दिवशी माझ्या दुकानात टीव्हीसमोर सगळा बाजार जमला होता. पुढच्या खुर्चीत फर्निचरच्या शोरूमचा मालक. व्यापारी संघाचा अध्यक्ष तोच. त्याची पाटी दोन मजले झाकायची, त्यामुळे दृश्यमानतेत त्याचा सहभाग सगळ्यांत जड होता.

"अध्यक्ष महोदय," मेहुणा बोलत होता, "कर वाढवणं सोपं. हात दुसऱ्याच्या खिशात असतो, त्यामुळे आपल्याला गुदगुल्या होत नाहीत. पण त्या खिशातला पैसा रिकामा बसलेला नसतो. त्यातून कुणी दुकानात माणूस ठेवणार असतो, कुणी मुलीला शिकवणार असतो. तो पैसा तुम्ही घेता आणि त्यातून काय बांधता? एकमेकांची पाठ थोपटायला हॉल! खर्च कमी करा. हिंमत असेल तर आज, इथे, कपात करून दाखवा!"

माझ्या दुकानात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या नाकावरून मापाची फ्रेम घसरली.

"वाघ आहे तुमचा मेहुणा, वाघ!" शोरूमवाला म्हणाला. "कापा म्हणावं! सगळं कापा!"

मग अर्थमंत्री उठले. हे गृहस्थ कायम हसतमुख. नवा कर जाहीर करतानाही बारशाचं आमंत्रण दिल्यासारखे हसायचे.

"माननीय सदस्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं," ते म्हणाले. "खर्चाला आळा बसलाच पाहिजे. त्यांनी हिंमत दाखवायला सांगितली, मी दाखवतो. त्यांच्याच शहरातल्या रुग्णालयात मुलांसाठी नवा वॉर्ड बांधला जातोय. त्यांच्या भावनांचा आदर राखून मी ती तरतूद रद्द करतो. कपातीचा पहिला मान त्यांना!"

सत्ताधारी बाकं वाजली. मेहुणा उभाच राहिला.  इकडे माझ्या दुकानात शोरूमवाल्याला अचानक काहीतरी काम आठवलं. मग एकेक करत सगळ्यांनाच आठवलं.

दोन दिवसांनी मेहुणा आमच्याकडे जेवायला आला. बायकोने पान वाढलं, पाणी ठेवलं, सगळं केलं. बोलली नाही. तो अर्धा जेवल्यावर म्हणाला, "ताई, मी वॉर्ड कापा असं म्हटलं नव्हतं."

"काय कापा ते तरी कुठे म्हटलंस?" ती म्हणाली. "दुसऱ्याच्या हातात कात्री दिलीस आणि वर डोळे मिटून म्हणालास, काप. तो आधी स्वतःची दाढी कापेल की तुझं नाक?"

"उधळपट्टी तर खरीच आहे ना?"

"मी कुठे नाही म्हणते? उद्या दुपारी वॉर्डात ये. तुला उधळपट्टी आणि टंचाई दोन्ही दाखवते."

तो गेला. संध्याकाळी दुकानात येऊन बसला आणि मला सांगू लागला. एका पलंगावर दोन-दोन पोरं, एकाचं डोकं उशाला, दुसऱ्याचं पायथ्याला. आया पलंगाखाली सतरंजी टाकून बसलेल्या. वाफेचं मशीन वॉर्डभर एकाकडून दुसऱ्याकडे फिरत होतं. खिडकीतून नव्या वॉर्डचे खांब दिसत होते, वर लोखंडी सळ्या उघड्या. मग ताईने त्याला भांडारात नेलं. तिथे छतापर्यंत खोकी. आत काय, तर रुग्ण समाधानी आहे की नाही ते बटण दाबून सांगायची यंत्रं. हसरा चेहरा, रडका चेहरा.

"दाजी, ताई म्हणाली, एक-दीड वर्षाची पोरं बटण कसं दाबणार हे विचारणारं पत्र तिने वर पाठवलं. उत्तर म्हणून आणखी यंत्रं आली."

"म्हणजे तुझं म्हणणं बरोबरच होतं की."

"हो," तो म्हणाला, "पण पलंगावरच्या त्या दोन पोरांना ते समजावून सांगता येईना."

दुसऱ्या दिवशी व्यापारी संघाचं शिष्टमंडळ त्याच्या घरी आलं. शोरूमवाला पुढे. मीही संघाचा सदस्य, त्यामुळे मागच्या रांगेत उभा.

"भाऊ, वॉर्ड परत आणा," शोरूमवाला म्हणाला. "गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

"कशातून आणू? तुम्हीच म्हणालात म्हणे, सगळं कापा."

"आता सगळं म्हणजे... सगळं नव्हे हो! दुसऱ्यांचं सगळं."

"आणि तुमचा पाटीचा कर?"

"तो रद्दच व्हायला हवा! त्यात तडजोड नाही."

"कर नको आणि वॉर्ड हवा. बरं. बाजारातल्या रस्त्याला तुम्ही शोभेचे दिवे मागितलेत. ते पैसे वॉर्डला द्या म्हणून लिहून देता?"

शिष्टमंडळाने एकमेकांकडे पाहिलं, मग फरशीकडे. फरशी चांगली होती, पण एवढा वेळ बघण्यासारखी नव्हती.

"दिव्यांचा विषय वेगळा आहे," शोरूमवाला शेवटी म्हणाला. "दिवे म्हणजे खर्च नव्हे, गुंतवणूक!"

मग अर्थमंत्र्यांनी बोलावणं पाठवलं. साक्षीदाराशिवाय मेहुणा त्यांना भेटत नसे, म्हणून मला सोबत नेलं. दालनातला गालिचा इतका जाड की बुटातला पाय घोट्यापर्यंत रुतावा. मंत्र्यांनी स्वतः चहा ओतला.

"तुमच्याबद्दल मला आदर आहे," ते म्हणाले. "पण राजकारणात एवढा ताठ कणा बरा नव्हे, पाठदुखी होते. अर्थसंकल्पावरच्या मतदानाच्या दिवशी तुम्हाला ताप येऊ द्या. सभागृहात येऊ नका, म्हणजे पानापानाचा हिशेब कुणी वाचून दाखवणार नाही. संध्याकाळी वॉर्डची तरतूद परत."

"आणि पैसे कुठून येतील?"

"ते तुम्ही कशाला बघता? पाटीचा कर अजून थोडा वाढवू. लोक सहभागी व्हायला उत्सुक आहेत."

मेहुण्याने चहा संपवला, कप खाली ठेवला, आणि म्हणाला, "मला ताप येत नाही."

बाहेर आल्यावर मात्र तो पायरीवर बसला. मी म्हटलं, "अरे, एक दिवस घरी राहिलास तर काय बिघडतं? पोरांना पलंग मिळतील."

"माहितेय, दाजी," तो म्हणाला. "म्हणूनच बसलोय. नाहीतर एव्हाना चालायला लागलो असतो."

बराच वेळ तो तसाच बसून होता.  

मतदानाच्या दिवशी तो सभागृहात उभा राहिला. म्हणाला, "मी कपात मागितली आणि काय कापावं ते सांगितलं नाही, हा माझा आळस. आज सांगतो. अभिनंदन भवन रद्द करा. अर्थसंकल्पाची स्तुती करणाऱ्या जाहिराती रद्द करा. माझ्या शहरातल्या बाजाराचे शोभेचे दिवे रद्द करा. एवढ्यात वॉर्ड होतो, आणि पाटीवरचा वाढीव करही परत घेता येतो. कुणाच्याही खिशात हात न घालता." आणि त्याने तशी सूचना मांडली.

हिशेब चोख होता. त्यामुळेच तो कुणाला आवडला नाही. सत्ताधारी विरोधात गेले हे ठीकच, पण त्याच्या स्वतःच्या पक्षाचे नेतेही गप्प बसले. नंतर त्यांनी त्याला बाजूला घेऊन कानात सांगितलं, "अहो, पुढच्या वेळी आपलं सरकार आलं तर अभिनंदन आपण कुठे करून घ्यायचं? थोडा लांबचा विचार करत जा!"

सूचनेच्या बाजूने मेहुण्याचं मत पडलं आणि आणखी एका म्हाताऱ्या सदस्याचं. त्या म्हाताऱ्याला ऐकू कमी यायचं. त्याने चुकून हात वर केला असं नंतर सांगण्यात आलं. अर्थसंकल्प मंजूर झाला. मेहुण्याने विरोधात मत दिलं. वॉर्ड गेला, दिवे मात्र बाजारात लागले. शोरूमच्या पाटीवर त्यांचा उजेड छान पडायचा.

शहराने त्याला माफ केलं नाही. करवाढीला विरोध केला म्हणून ज्यांनी डोक्यावर घेतलं, त्यांनीच आडमुठा म्हणून खाली ठेवलं. पुढच्या निवडणुकीत सरकारी पक्षाने त्याच्यासमोर उमेदवार दिला तो शोरूमवाला. वाघ वगैरे तो आता सगळं विसरला होता. चौकातल्या सभेत तो म्हणाला, "काही नतद्रष्ट लोक याला कर म्हणतात. मी याला आपल्या लेकरांमध्ये सहभाग म्हणतो!" पाटीवरच्या करात एक नवा अधिभार बसणार होता आणि त्यातून वॉर्ड पुरा होणार होता. शोरूमची पाटी मात्र त्याच सुमारास 'सांस्कृतिक वारसा' म्हणून करातून सुटली. माझी म्हणे तेवढी जुनी नव्हती. खरं तर त्याच्या पाटीपेक्षा चांगली बारा वर्षं जुनी होती, पण वारसा ठरायला अंगी वेगळे गुण लागतात.

मेहुणा पडला, आणि चांगलाच पडला.

वॉर्ड झाला. उद्घाटनाला अर्थमंत्री आले, हसले. त्या रविवारी मेहुणा आमच्याकडे आला होता. जेवण झाल्यावर बायको हात पुसत त्याच्यासमोर येऊन बसली.

"एक सांगायचंय तुला. मी मत शोरूमवाल्याला दिलं."

 मलाही हे माहीत नव्हतं. घरातलं मत इकडचं तिकडे झालं आणि मी तिच्याच शेजारी रांगेत उभा होतो!

मेहुण्याने तिच्याकडे पाहिलं. म्हणाला, "मला वाटलंच होतं."

"राग आला?"

"आला ना. तुझ्याच वॉर्डचा विचार करत मी त्या मंत्र्याच्या पायरीवर..." तो थांबला. "ते जाऊ दे. नव्या वॉर्डात पोरं नीट झोपतात?"

"झोपतात. एका पलंगावर एक."

"मग महाग पडलं," तो म्हणाला, "पण झालं ते बरं झालं. पैसे मात्र भवनातूनच यायला हवे होते. हे मी मरेपर्यंत म्हणणार."

"म्हण की. मी कुठे अडवलंय?" ती म्हणाली. "पण नुसतं म्हणत बसू नकोस. रुग्णालयाच्या खरेदी समितीत एक नागरिक लागतो. बिनपगारी. कुणी यायला तयार नाही, कारण चहासुद्धा स्वतःच्या पैशाने प्यावा लागतो. येतोस?"

तो गेला. पहिल्याच बैठकीत त्याने समाधानाच्या यंत्रांची नवी मागणी रोखली आणि त्याऐवजी वाफेची मशीनं घ्यायला लावली. पुरवठादाराने चिडून विचारलं, "हे गृहस्थ कोण?" कुणीतरी म्हणालं, "माजी आमदार." त्यावर पुरवठादाराचा जीव भांड्यात पडला. माजी आहे म्हणजे काही चिंता नाही, असं त्याला वाटलं. तिथेच तो फसला. माजी माणसाकडे वेळ भरपूर असतो. मेहुण्याने त्याला कापसाच्या गुंडाळ्यांपासून एकेका बिलाचा हिशेब द्यायला लावला आणि संध्याकाळपर्यंत उठू दिलं नाही.