बांधलेलं तण

मावशीच्या शेताच्या बांधावर सकाळपासून माणूस मावत नव्हता. सगळे वाकून गवत बघत होते. एरवी कंबरेला लागणारं तण यंदा करंगळीएवढंच राहिलं होतं, आणि त्याचं श्रेय शेताच्या मधोमध उभ्या असलेल्या तणबाबांकडे जात होतं. बाबांच्या हातात न्हाव्याच्या दुकानात असते तशी फवाऱ्याची बाटली होती. पावसाने तोंड फिरवलेल्या त्या वर्षात शेताने पाणी म्हणून जे काही पाहिलं, ते त्या बाटलीतलंच.

“तण बांधलंय,” बाबा म्हणाले. “मुळाशी गाठ मारलीय. आता याला लोखंड लावायचं नाही. खुरपं लागलं की गाठ सुटली.”

“पण बाबा, याला तुरे आलेत,” मावशीची सून म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवते. नात्याने माझी वहिनी आणि स्वभावाने शंकेखोर.

“तण शरण आलंय, बाळ. तुरा म्हणजे त्याने जोडलेले हात.”

ते ऐकून लोकांनीही जोडले. मला हसू आवरेना, म्हणून चपलेतला खडा काढायच्या निमित्ताने खाली बसलो.

मावशीला मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. कालव्याला पाणी सुटलं की ती गाजर पेरणार होती. हेही पीक गेलं, तर शेत दुसऱ्याला कसायला द्यायचं, असं घरात ठरलं होतं. गाजर उगवायलाच वेळ लावतं, उगवतं तेही दोऱ्यासारखं. तणाने गाठलं की संपलं.

“माझे गुडघे गेलेत,” ती मला म्हणाली. “कुणी खुरपणी वाचवतो म्हणाला, तर मी का नाही ऐकायचं?”

तिचं मला वाईट वाटलं आणि बाबांचा राग आला.

दुसऱ्या दिवशी वहिनीने त्याच शेतातली वरची माती दोन ट्रेमध्ये भरून बाबांपुढे ठेवली. “हीही बांधून द्या. शाळेत ठेवते, मुलं बघतील.” बाबा खूश झाले. दोन्हींवर फुस्स फुस्स करून, गाठ पक्की असल्याचं त्यांनी चारचौघांत सांगितलं. वहिनीने ट्रे वर्गाच्या खिडकीत ठेवले. एकाला रोज पाणी घातलं, दुसरा तसाच कोरडा ठेवला.

आठवडाभराने तिने सगळ्यांना वर्गात बोलावलं. मोठी माणसं पोरांच्या बाकांत कसेबसे गुडघे कोंबून बसली. कोरडा ट्रे बोडकाच होता. भिजवलेल्यात बोट ठेवायला जागा नाही, इतकं तण उगवलं होतं.

“पाणी पडलं, गाठ सुटली,” बाबा म्हणाले.

“मग पाणी नसताना तुम्ही बांधलंत काय?” वहिनीने विचारलं.

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. बाबांना अचानक दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

वहिनीने मग सगळं उलगडून सांगितलं. “पाणी नसलं की तण खुजं राहतं आणि घाईने फुलतं. बी कमी धरतं, पण धरतं. त्या तुऱ्यांत बीच होतं, आणि लोखंड लावायचं नाही म्हणून आपण ते गळू दिलं. कोरड्या मातीत ते मेलं नाही, नुसतं पडून राहिलं. त्यात बऱ्याच तणांचं दुष्काळात पिकलेलं बी उतावळं असतं. एरवी ते थांबून थांबून उगवतं, हे ओल मिळाली की एकदम उठतं.”

“म्हणजे माझं शेत गेलं?” मावशीने विचारलं.

“नाही, आई. उतावळं आहे ना, मग त्यालाच आधी उगवू देऊ. पाणी आलं की नुसती माती भिजवायची. तण वर आलं की वरवर कापून काढायचं, आणि मग गाजर पेरायचं. तुम्ही बांधावर बसा. खुरपी मी आणि भाऊजी धरतो.”

भाऊजी म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

पाणी आलं. शेत तणाने हिरवंगार झालं, ते बघून मावशी बांधावरून उठून उभी राहिली. आम्ही ते तण कापून काढलं आणि मगच गाजर पेरलं. नंतर थोडं तण पुन्हा आलंच, ते तेवढं उपटलं. गाजर मात्र चांगलं आलं, आणि शेत मावशीकडेच राहिलं.

कुणी म्हणालं, मी बांधलं, मी थांबवलं, मी बरं केलं, तर त्याला एवढंच विचारा: तुम्ही काहीच केलं नसतं, तर काय झालं असतं? आणि उत्तर नुसतं ऐकून घेऊ नका. स्वतः करून बघा.