तपास चेहऱ्याचा नसतो

मित्रांनो, उमरग्याच्या वाचनालयात कपाटावर धूळ खात पडलेला प्रोजेक्टर म्हणजे मी. माझी पहिली वर्षं एका महाविद्यालयात गेली. तिथं मी हृदयाची नि फुप्फुसांची चित्रं दाखवली. पुढं मला इथं आणलं आणि ग्रंथपाल शिवप्रिया मॅडम दर रविवारी दुपारी माझ्यावर चित्रपट दाखवू लागल्या. माझ्या लख्ख उजेडाचं तेव्हा लई कौतुक व्हायचं.

पण एका गोष्टीनं माझा जीव मेटाकुटीला येई. वाचनालयाचे अध्यक्ष अमरसिंह यांना प्रत्येक थरारपट म्हणजे 'पोलिसांचा पिक्चर' वाटे. मॅडम समजावून थकल्या. "साहेब, एकात पंचनामा, साक्षी, पुरावे असं पायरीपायरीनं गुन्हेगारापर्यंत जातात. दुसऱ्यात गुंता माणसाच्या मनातच असतो. त्याला दिसतंय ते खरं की भास, हेच कळत नाही. तिथं पोलीस आले काय नि न आले काय!"

"सगळं एकच," म्हणत अमरसिंहांनी त्या रविवारी फळ्यावर लिहिलं : पोलीस तपासाचा जोरदार चित्रपट.

होता मात्र मनाचा खेळ. त्यातला गप्प बसणारा माणूसच शेवटी खुनी निघाला. "ह्यात पोलीस कुठायत?" लोक ओरडले. फक्त मागच्या बाकावरचे धुळाप्पा शांत बसले होते. मेंढरं लेकाकडं सोपवून ते दर रविवारी यायचे, कुणाशी फारसं बोलायचे नाहीत.

मंगळवारी माझ्याजवळचा स्पीकर गायब दिसला.

"त्या धुळाप्पाला विचारा," अमरसिंह सगळ्यांदेखत म्हणाले. "कसा टक लावून बसतो! परवाच्या पिक्चरमधला अस्साच होता."

लोकांनी माना डोलावल्या. स्पीकर कुणी नेला ते मी सोमवारी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण माझ्यात जे घालतात तेवढंच मला दाखवता येतं. असा चरफडलो, काय सांगू!

मॅडम म्हणाल्या, "चेहरा म्हणजे पुरावा नव्हे. आधी सांगा, काल किल्ली कुणाकडं होती?"

आदल्या दिवशी किल्ली शिपाई बसप्पाकडं होती आणि आता तो गावाला गेला होता. मॅडमनी लगेच फोन लावला.

"कुलदीपनं नेला की, हळदीच्या गाण्यांसाठी," पलीकडून बसप्पा म्हणाला. "अध्यक्षांचीच चिठ्ठी हाय, टेबलाच्या खणात बघा."

खणात चिठ्ठी होती. खाली अमरसिंहांची सही. कुलदीप त्यांचाच पुतण्या!

"विसरलो असेन," एवढं बोलून ते निघून गेले. माफीचा शब्द नाही.

स्पीकर परत आला, धुळाप्पा आले नाहीत. तीन रविवार वाट पाहून मॅडम त्यांच्या वस्तीवर गेल्या. परत आल्यावर त्यांनी बसप्पाला सगळं सांगितलं. धुळाप्पा म्हणाले होते, "बाई, पिक्चर मला लई आवडत व्हते. पन आता तिथं बसलो, तर लोक पडद्याकडं न्हाय, माझ्याकडं बघत्याल."

पुढं अध्यक्षांनी खेळच बंद केले. मित्रांनो, माझ्या काचेवरची धूळ कुणीही फडक्यानं पुसेल. पण माणसावर उडवलेला शिंतोडा असा पुसला जात नाही. म्हणून कुणाकडं बोट दाखवण्याआधी, कृपा करून, एकदा तरी नीट विचारपूस करा.