दोन वाड्यांच्या विहिरीवरचा रहाट

मित्रांनो, मी एक जुना रहाट आहे. किती जुना म्हणाल, तर माझी निम्मी लाकडं वाळवीनं खाल्लीत आणि उरलेली निम्मी तिनंही नको म्हटलंय.

रहाट म्हणजे काय, हे तुमच्यातल्या कितीकांना ठाऊक नसेल. विहिरीच्या तोंडावर मोठं उभं चाक, चाकावर दोराची माळ, माळेला मातीची गाडगी. रेडा गोल फिरला की चाक फिरतं. गाडगी खाली जाऊन भरतात आणि वर येऊन पन्हळीत ओततात. माझी विद्या एवढीच.

आमची विहीर वसईतली. तिच्या एका अंगाला सिप्रियनची केळीची वाडी, दुसऱ्या अंगाला हिरामणची पानवेल. विहीर दोघांची, म्हणून मीही दोघांचा. त्यांच्या बापांनी मिळून मला करून घेतलं होतं. सुतार मोठा खवट होता. म्हणाला, "चाक एक, मालक दोन. भांडलात तर करवतीनं मधोमध कापून देईन." पण भांडण झालंच नाही. सकाळची पाळी सिप्रियनकडे, दुपारनंतरची हिरामणकडे. दिवसभर ओतूनही विहिरीचं पाणी फार तर हातभर उतरायचं आणि सकाळी परत वर यायचं. पाणी तर असं गोड, की चर्चमधून घरी जाणारी माणसं वाट वाकडी करून प्यायला यायची आणि मला शाबासकी द्यायची. मला वाटायचं, हा आपलाच गुण.

सिप्रियनचा धाकटा भाऊ फर्डिनंड. फादर व्हायला म्हणून सेमिनरीत गेला होता, सात वर्षांनी पेटी घेऊन परत आला. कारण कुणी विचारलं नाही. सकाळी रेड्यामागे फिरायचं काम त्याच्याकडे आलं. सेमिनरीत त्यानं ग्रीस देशातल्या म्हाताऱ्यांचे विचार वाचले होते. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचे म्हातारे. त्यांची नावं माझ्या तोंडात बसत नाहीत. फर्डिनंड त्यांचं सगळं रेड्याला सांगायचा.

"सुख म्हणजे वाटेत सापडणारी वस्तू नाय, बाबा," तो रेड्याला म्हणायचा. "रोजचं काम नीट करत जगणं, त्यालाच ते लोक सुख म्हणायचे."

रेडा तेवढ्यात शेण टाकायचा. पलीकडून हिरामण ओरडायचा, "पटलं बघ त्याला!"

"हसू नकोस, हिरामणदा. हेच ग्रीक जहाजं घेऊन आपल्या सोपाऱ्याच्या बंदरात यायचे."

"मग एखादा उतरून राहिला असणार तुमच्या घराण्यात. उगाच नाय तू असा निपजलास!"

असे दिवस होते. मग त्र्याहत्तर साली सिप्रियननं तेलावरचं इंजिन आणलं. हँडल मारलं की धडधड सुरू. मी दिवसभरात ओतायचो तेवढं पाणी ते तीन तासांत फेकायचं. मला बाजूला केलं. अर्धा एकाचा, अर्धा दुसऱ्याचा, त्यामुळे मला सरपणाला कुणी नेऊ शकेना. मी तिथंच विहिरीला टेकून राहिलो. कोंबड्या माझ्यावर झोपायला लागल्या. दोन वर्षांनी हिरामणनंही इंजिन आणलं.

आणि मग पाळी गेली. सिप्रियनला वाटायचं, आपण थांबलो की हिरामण उपसून नेणार. हिरामणला वाटायचं, आपण थांबलो की सिप्रियन नेणार. दोन इंजिनं एकाच विहिरीवर दिवसभर धडधडायची. पाणी पाटातून वाहून रस्त्यावर जायचं, तरी बंद कोण करणार?

मित्रांनो, आमच्याकडे समुद्र फार लांब नाही. जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्याला अडवून धरतं. गोडं उपसून टाकलं की खारं आत शिरतं. एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. एका सकाळी सिप्रियनची बायको इझाबेल चहाचा पेला घेऊन विहिरीवर आली.

"चाखा."

सिप्रियननं घोट घेतला नि थुंकला. "मीठ घातलंस काय गं?"

"मी साखर घातली. मीठ तुमच्या विहिरीनं घातलं."

"माझी एकट्याची हाय काय? अर्धी हिरामणची हाय."

"हो ना," हिरामण पलीकडून म्हणाला, "पण खारी झाली ती तुझ्या बाजूची अर्धी!"

हसलं कुणीच नाही. विहीर गेली की केळी जाणार, पानवेल जाणार, मागे राहणार नुसती खारी माती. दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं.

फर्डिनंड माझ्या खांबाला टेकून बसला होता. त्यानं विचारलं, "दादा, तुला पाणी किती लागतं?"

"हिरामणपेक्षा जास्त."

"ते नाय. वाडीला किती लागतं?"

सिप्रियन केळींकडे बघायला लागला.

"हिरामणदा, तुला?"

"सिप्रू सोडेल तेवढं."

"म्हणजे माप दोघांनाही ठाऊक नाय."

हिरामण चिडला. "तुझ्या म्हाताऱ्यांना हे असं विचारत फिरून काय मिळालं रे?"

"एकाला लोकांनी विष प्यायला लावलं."

"बघ! सांगतोय काय मी?"

आता मात्र सिप्रियनलाही हसू फुटलं. फर्डिनंड म्हणाला, "कमी पाण्यानं झाड वाळतं, जास्त पाण्यानं मूळ कुजतं. मधलं माप शोधायचं. धिटाईचं तसंच, रागाचं तसंच, सगळ्याचंच तसं, असं ते म्हातारे सांगायचे."

"कळतं रे," सिप्रियन म्हणाला. "पण सकाळी उठलो की हात आपोआप हँडलकडे जातो. मी नाय तेवढा चांगला माणूस."

"आधी चांगलं होऊन मग चांगलं करायचं, असं नसतं, दादा. करत राहायचं. करता करता माणूस होतो तसा."

इझाबेलनं एवढंच ऐकलं. तिनं इंजिनाचं हँडल उचललं, बांधावरून पलीकडे गेली आणि हिरामणच्या बायकोच्या, यशोदाच्या, हातात ठेवलं.

"हे तू ठेव. सकाळी दोन तासांसाठी देत जा. तुमचं मला दे, मी दुपारी दोन तासांसाठी देईन."

यशोदा म्हणाली, "घरातच लपव की गं."

"माझ्यावर ते ओरडतील आणि घेतील. तुझ्या दारात येऊन ओरडायची लाज वाटेल त्यांना."

तसंच झालं. रोज सकाळी सिप्रियन शेजारच्या दारात मान खाली घालून उभा. रोज दुपारी हिरामण या दारात. पहिल्या वर्षी निम्मी केळी गेली. पानवेलीच्या तीन रांगा गेल्या. पाणी खारंच. दुसऱ्या वर्षी थोडं बरं. दोघांनी पाट नीट केले, मुळाशी पाचोळा घातला, आणि दोन तासही जास्त होतात म्हणून कधी कधी दीड तासातच हँडल परत आणू लागले. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात यशोदाची डाळ विहिरीच्या पाण्यात शिजली. बांधावरून वाटी आली आणि इझाबेलनं बोट बुडवून चाटलं. डोळे पुसत म्हणाली, "मीठ कमी पडलंय." दोघी किती हसल्या!

मग यशोदानं हँडल परत केलं. "घ्या भाऊ. आता तुमचं तुम्हीच ठेवा."

मला वाटलं, झालं, आता परत दिवसभर धडधड.

तशातच एक दिवस हिरामणचं सगळं घर चांदीप गावाला लग्नाला गेलं. इझाबेल आणि फर्डिनंडही त्यांच्याबरोबर. सिप्रियन एकटा. नवी केळी लावलेली, ऊन कडक, दोन तास संपलेले आणि इंजिन चालूच. शेवटच्या दोन ओळी कोरड्या. त्यानं हिरामणच्या बंद दाराकडे पाहिलं. रस्त्याकडे पाहिलं. विहिरीत वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. मी होतो, पण मला कोण मोजतं?

त्यानं इंजिन बंद केलं.

हात पुसले, सावलीत बसला, बिडी पेटवली. "उद्या," त्या दोन ओळींना म्हणाला. चेहरा असा हलका, जणू डोक्यावरची मोळी उतरवली. आणि मी? मित्रांनो, दहा वर्षं अडकलेला श्वास मी सोडला. एक कोंबडी दचकून उडाली.

खरं सांगू? इतकी वर्षं मला गर्व होता, की माझ्या राज्यात विहीर कधी खारी झाली नाही. त्या दिवशी कळलं, त्यात माझा काही गुण नव्हता. मला जास्त उपसताच येत नव्हतं. सिप्रियनला येत होतं. हँडल त्याच्या हातात होतं, तरी तो थांबला. गुण म्हणतात तो त्याला.

म्हणून मला परत जोडा, असं काही मी म्हणणार नाही. इंजिन चांगलं आहे, बिचारा रेडाही सुटला. माझी लाकडं हवी तर बंबात घाला. फक्त एक करा. हातात ताकद असेल आणि कुणी बघत नसेल, तेव्हा एकदा "पुरे" म्हणून बघा. पहिल्यांदा जड जातं. दुसऱ्यांदा तेवढं जात नाही.