आईच्या नावाची ताटं

घरात काही लिहायचं निघालं की अंजनाबाई म्हणायच्या, "नंदिनीले द्या. तिचं अक्षर पाखडलेल्या तांदळावानी." लग्नाची पाकिटं, शाळेचे अर्ज, डब्यांवरची नावं, सगळं मोठ्या सुनेच्या हातचं. मग अंजनाबाई गेल्या, आणि वर्ष भरायच्या आत धाकट्या जावेनं, रिनानं, ऊर्जानगरच्या क्वार्टरात छोटी लेझर मशीन आणली.

पहिल्या स्मृतिदिनाला मूल गावच्या बुद्धविहारात पंचवीस ताटं द्यायची ठरली. नावं कोण टाकणार, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. नंदिनी तान्ह्याला खांद्यावर घेऊन दिवाणावर बसली आणि पाहत राहिली.

"स्टीलवर नुसता लेझर नाई चालत, ताई," ताट पुसता पुसता रिना म्हणाली. "हा कागद लावा लागते. काळी बाजू खाली. लाकडाले नाई लागत, पण काच, टाईल, स्टील, त्यायले लागते. मंग कितीबी घासा, अक्षर जात नाई."

"म्हंजे मशीनपेक्षा कागदच हुशार."

"तसंच समजा," रिना हसली. तिच्या हसण्यात काही नव्हतं, तेच नंदिनीला जास्त झोंबलं.

तेवढ्यात तिची नजर स्क्रीनवर गेली. 'कै. अंजनाबाई रामटेके यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ'. काल रिनानं शेजाऱ्यांच्या तांब्यावर त्यांच्या गेलेल्या माणसाचं नाव टाकलं होतं. त्याच ओळीत नुसतं नाव बदललं, पुढचं 'कै.' तसंच राहिलं. आजेसासऱ्यांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यापासून या घरात कुणी कैलासवासी झालं नव्हतं. गेलेल्या माणसाला इथे 'कालकथित' लिहीत.

नंदिनी बोलली नाही.

विहारात बाया ताट उलटसुलट करून पाहतील. एकमेकींकडे बघतील. लहानीले एवढंबी समजत नाई, म्हणतील. लिहायचं काम नंदिनीलेच द्याचं होतं, म्हणतील. बाळाची पाठ थोपटताना तिला तो विचार गोड लागला, गुळाचा खडा जिभेवर धरल्यासारखा.

रिनानं कागद ताटावर चिकटवला, हिरवा चष्मा चढवला, बटण दाबलं. जळका वास सुटला. लेझर वरून खाली, रेघ रेघ करत सरकू लागला.

सासरे गेले तेव्हा प्रेसवाल्यानं पत्रिकांवर 'कै.' छापलं होतं. अंजनाबाई भर उन्हात तो सगळा गठ्ठा परत घेऊन गेल्या होत्या. आता कुणी परत नेणार नव्हतं. पंचवीस ताटं, आणि दर जेवणाला आईच्या नावापुढं तेच.

"थांबव," नंदिनी म्हणाली. "कै. आहे तिथं."

रिनानं मशीन बंद केली. कागद सोलला. ताटावर अक्षरांचे नुसते शेंडे उमटले होते, 'कै.'च्या दोन मात्रा काळ्याभोर. तिनं अंगठ्यानं घासून पाहिल्या.

"केव्हा दिसलं तुमाले, ताई?"

"तू ताट पुसत होतीस तवा."

रिनानं ते ताट बाजूला ठेवलं. तिनं चष्मा काढला, 'कालकथित' टाईप केलं, आणि स्क्रीन जावेकडे वळवली. "आता नीट वाचा."

नंदिनीनं वाचलं. मान हलवली.

दुसऱ्या ताटावरचा कागद निघाला तेव्हा तिनं वाकून एकेक अक्षर तपासलं. कुठे वाकडं नव्हतं, कुठे जाड-बारीक नव्हतं. एखादी काना-मात्रा सुटली असती तर बरं वाटलं असतं. तिच्या हातानं एवढं सरळ कधी आलं नव्हतं.

"चांगलं आलं," ती म्हणाली, आणि तिसरं ताट पुसायला घेतलं.