टेकडीवरचे चर

विजयमाला पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेत शिकवायची. लग्न केलं नव्हतं. थोरला भाऊ मोरेश्वर याच्याकडे राहायची. घरामागची टेकडी मोरेश्वरच्या मालकीची, आणि टेकडीच्या पायथ्याशी एक वस्ती, तिथे केसरबाई राहायची. पावसाळ्यात टेकडीवरचं पाणी सुसाट खाली यायचं आणि नाल्यांतली सगळी घाण घेऊन वस्तीत शिरायचं.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात भावाला विचारून विजयमालाने वस्तीतल्या बायकांसोबत उतारावर आडवे चर खोदले. काठाने खसगवताचे ठोंब लावले. मग पाणी चरांत थांबायचं, मुरायचं. उरलेलं गवतातून निथळत संथपणे उतरायचं. पुढचे दोन पावसाळे केसरबाईची चूल कोरडी राहिली.

तिसऱ्या उन्हाळ्यात विजयमाला मावशीच्या आजारपणासाठी सौसरला गेली. परतली तर टेकडी बोडकी. मोरेश्वरने प्लॉट पाडायला चर बुजवले होते, खस उपटून जाळलं होतं आणि पाणी प्लॉटांत थांबू नये म्हणून वरून खालपर्यंत सिमेंटची सरळ नाली काढली होती. नालीचं तोंड वस्तीकडे. विजयमालाने विचारलं तर म्हणाला, जमीन माझी आहे, अन् पाणी खालीच जाणार ना.

श्रावणात एका सकाळी धो धो पाऊस झाला. नाली भरून वाहिली आणि संडासांची घाण वस्तीत पसरली. केसरबाईच्या पिठाच्या डब्यात काळं पाणी होतं. दारात मेलेलं डुकराचं पिल्लू अडकलं होतं. विजयमाला धावत खाली आली आणि दोघींनी ते हातांनी ओढून काढलं. नंतर तिने साबणाने हात घासले, तरी वास जाईना.

दुपारी मोरेश्वर पुरी-भाजीची पातेली आणि फोटोवाल्याला घेऊन आला. बुद्धविहाराच्या ओट्यावर लोक बसले. धोतर चिखलाला लागू नये म्हणून त्याने ते एका हाताने वर धरलं होतं. बहिणीला त्याने बोलावलं.

"विजू, तू वाढ. फोटोत बरं दिसन."

"मी नाही वाढत."

"लोकं उपाशी हायेत, अन् तू नखरे करून राहिली?"

"हे पाणी तुझ्या नालीतून आलं, दादा. आता तूच पुऱ्या वाटून राहिला. मले तुझी किळस येते."

फोटोवाला कॅमेऱ्याशी चाळा करू लागला. केसरबाईने पत्रावळ खाली ठेवली. बाकीचे खात राहिले. लेकरं सकाळपासून उपाशी होती.

विजयमालाने एका घरातून लोखंडी सब्बल घेतली आणि टेकडी चढली. मागून केसरबाई आणि आणखी दोघी आल्या. वरच्या वळणावर त्यांनी नालीची भिंत फोडली आणि अजून वाहत असलेलं पाणी आडवं प्लॉटांत सोडलं. मोरेश्वर खाली छत्री धरून थांबवा, थांबवा म्हणत राहिला. कोणी थांबलं नाही.

पुढे महिनाभर त्या प्लॉटांत गुडघाभर चिखल होता. पाहायला आलेली गिऱ्हाइकं चपला हातात घेऊन परत गेली. शेवटी मोरेश्वरने टेकडीचा नाद सोडला. बायकांनी चर पुन्हा खोदले, मोहगावकडच्या ओढ्यावरून खस आणलं.

विजयमालाने शाळेजवळ खोली घेतली. वर्षभराने कळलं, मोरेश्वर पाहुण्यांना टेकडी दाखवतो आणि चरांची कल्पना आपलीच म्हणून सांगतो. त्या घरी तिने पुन्हा पाण्याचा घोटही घेतला नाही.