मावलं सगळं घर

मित्रांनो, मी एक जुनी, दोन चाकांची, एके काळी छप्पर असलेली ट्रॉली आहे. म्हातारीचं ऐकायचं असेल तर मुकाट ऐका. गिऱ्हाइकांनी माझं डोकं आधीच पुरतं उठवलेलं आहे.

जालन्यात अंबड रस्त्याला इस्माईल मिस्त्रींचं वेल्डिंगचं दुकान होतं. तिथं शहाऐंशी साली माझा जन्म झाला. जीपमागे जोडायची, रात्री आत झोपायचं, असं फिरतं घर त्यांना करायचं होतं. कल्पना झकास, पण गिऱ्हाईक? कुणी म्हणे रंग हिरवाच का, कुणी म्हणे यात शेळ्या मावतील का. शेळ्या! दोन उन्हाळे मी दुकानाबाहेर तापत उभी होते. माझ्यामागून बनलेल्या ट्रॉल्या गेल्या, मी आहे तिथंच. कुणीतरी मला घरी न्यावं, एवढंच माझं मागणं होतं.

मग वडीगोद्रीचे बद्रीनाथ आले. सोबत आई झुंबरबाई, बायको द्वारकाबाई आणि दोन मुली. देवदर्शनाला गेलं की धर्मशाळेत जागा मिळत नाही, म्हणून त्यांना स्वतःचंच छप्पर हवं होतं.

झुंबरबाईंनी आत डोकं घातलं. "मिस्त्री, हिच्यात उत्तर कोण्या अंगाला? उत्तरेला डोकं करून मी निजणार न्हाई."

"आजी, गाडी हाय ही. फिरवली की दिशा बदलती."

"मंग फिरवून दाखव."

घ्या! भर उन्हात मिस्त्रींनी आणि बद्रीनाथांनी मला ढकलून पूर्व-पश्चिम केलं. आजी आडव्या झाल्या, मुली झाल्या, बद्रीनाथ झाले. चौघं बराबर बसले, पाचव्याला बोटभर जागा उरली नाही.

"मावलं सगळं घर," बद्रीनाथ आतूनच म्हणाले. "हीच घेऊ, मिस्त्री."

सगळं घर म्हणे! द्वारकाबाई सगळ्यांच्या वहाणा आणि पाण्याची कळशी सांभाळत बाहेर उभ्या होत्या. मला विकलं जायचं होतं, तरी माझा संताप संताप झाला.

"आन मी कुठं निजू?" त्यांनी विचारलं.

"तुला कुठं जागा लागती?" बद्रीनाथ म्हणाले. " पहाटं सैपाकाला उठायचंच असतं. टेकून बसलीस तरी डोळा लागतो तुझा."

द्वारकाबाईंनी सगळ्यांच्या वहाणा टाकून दिल्या. त्यांनी कळशी खाली ठेवली, चौघांना उतरायला लावलं, आत चढल्या आणि मधोमध पाय पसरून निजल्या. मला वाटलं, नवऱ्याला धडा शिकवतायत. पण त्या खरंच झोपल्या, घोरायलाही लागल्या.

झुंबरबाई त्यांना उठवायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. सुनेच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"निजू दे तिला," त्या हळूच म्हणाल्या. "बद्री, हिच्या शेजारची थोरली ट्रॉली बघ."

थोरली विकली गेली, मी राहिले. पुढं कडूबा नावाच्या शेतकऱ्यानं मला नेलं, छप्पर कापून काढलं आणि वर्षानुवर्षं कांदे वाहिले. माझ्यात माणूस झोपलं ते तेवढंच, एकदाच.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्यांना तेलपाणी करा, पावसात गंजू देऊ नका, ते सांगायला नकोच. पण घरासाठी गाडी बघायला जाल, तेव्हा सगळ्यात आधी पहाटे सैपाकाला उठणाऱ्या आईला आत आडवं व्हायला सांगा.