पाकोळीची हाक

राष्ट्रीय उद्यानातल्या धबधब्यासमोर संध्याकाळी मुंगी शिरायला जागा नसे. उंच खडकावर बुवा बसायचा, "ये बाळा, घरी ये," म्हणत एकेकाचं नाव पुकारायचा, आणि खरोखरच एक काळा पक्षी येऊन कोसळत्या पाण्यात शिरायचा. गेलेली माणसं पाण्याच्या पडद्याआड राहतात, असं बुवाचं म्हणणं. लोक रडत, हात जोडत.

माझी धाकटी बहीण रोज जायची. तिची लेक तापाने गेली होती. ती पोर घरभर भिरभिरायची, पाय टेकेल तर शपथ, म्हणून आम्ही तिला पाकोळी म्हणायचो. आणि धबधब्यात शिरणारा पक्षीही पाकोळीच.

"ताई, मी बुवांना काही सांगितलं नव्हतं. तरी त्यांनी पाकोळी म्हणूनच हाक मारली."

"चपला ठेवताना कुणाशी बोललीस?"

"चेल्याशी. कुणासाठी आलात, एवढंच विचारलं त्याने."

मला संताप आला, पण तो गिळावा लागला. तिच्या मांडीवर नवा शिवलेला फ्रॉक होता.

"रविवारी पडदा ओलांडायचाय," ती म्हणाली. "पलीकडे ती वाट बघतेय म्हणे."

पडद्याखाली डोह आहे. त्यात पडलेलं कुणी वर आलेलं नाही.

रविवारी बुवाच्या आधी मीच खडकावर जाऊन बसले. शाळेत विज्ञान शिकवते, घसा खणखणीत आहे. तिथून सगळी दरी दिसते. घरट्याकडे परतणारी पाकोळी खालच्या गर्दीला दिसायच्या आधीच दिसते. एक ठिपका दिसताच मी ओरडले, "ये बाळा किटली, घरी ये!" पाकोळी पाण्यात शिरली. "ये बाळा पायमोजा!" दुसरी शिरली. लोक हसायला लागले. बहीण हसली नाही.

"बाई, पाप लागेल," खडकाखाली येऊन उभा राहिलेला बुवा म्हणाला.

"लागू दे. आता तुम्ही दरीकडे पाठ करून हाक मारा."

बुवा गर्दीतून वाट काढत निघून गेला.

वनरक्षकाने आम्हा दोघींना कडेच्या कपारीतून पाण्यामागे नेलं. ओल्या कातळाला शेवाळाची घरटी चिकटलेली, आत चोची उघडून बसलेली पिल्लं. शत्रूला तिथे सहसा पोचता येत नाही, म्हणून पाकोळ्या पाण्याआड घर करतात. त्यात एवढंच गूढ होतं.

"म्हणजे ती कधी आलीच नव्हती," बहीण म्हणाली.

"नाही गं."

"मग मी रोज कुणाला बघत होते?"

याचं उत्तर विज्ञानाच्या पुस्तकात नाही. तिने फ्रॉकची घडी उलगडली, पुन्हा घातली, आणि आम्ही पाण्याच्या आवाजात दोघी रडलो.

तुमच्या दुःखाला कुणी उंचावरून हाक मारली, तर भाळण्याआधी त्याच्या जागी जाऊन बसा आणि तिथून काय दिसतं ते बघा. माझी भाची परत आली नाही. पण बहीण त्या संध्याकाळी माझ्याबरोबर घरी आली.